लोकर उत्तम, पाठ वाईट: दोन पावसाळे काढलेल्या गालिच्याचा अनुभव

ठाण्यातील आमच्या दिवाणखान्यात अंथरलेला पाच बाय आठ फुटांचा लोकरीचा हँड-टफ्टेड गालिचा गेल्या महिन्यात मी गुंडाळून कोपऱ्यात उभा केला आणि म्हणूनच हा अनुभव लिहायला बसले. चौरस फुटाला 350 रुपये, म्हणजे एकूण 14,000 रुपये मोजून घेतलेली वस्तू अडगळीसारखी भिंतीला टेकवून ठेवताना जीव जळतो, हे आधीच सांगून टाकते. पुढच्या मजकुरातली चीड कुठून आली, हे त्यामुळे वेगळे सांगावे लागणार नाही. लोकर, नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन आणि व्हिस्कोस यांची तुलना करणारे तक्ते कुठेही वाचायला मिळतात, त्यामुळे ते इथे पुन्हा मांडत नाही. त्या तक्त्यांत जिला रकानाच नसतो, अशा एका गोष्टीविषयी मला लिहायचे आहे, आणि ती म्हणजे गालिच्याच्या पाठीला लावलेला गोंद.

मुंबई-ठाण्याच्या हवेत गालिचा हवाच कशाला, हा प्रश्न आम्हालाही नातेवाइकांनी विचारून झाला आहे. आमची गरज शोभेची नव्हती. खालच्या मजल्यावरच्या काकूंना आमच्या मुलाच्या धावण्याचा आणि खुर्च्या सरकवण्याचा त्रास होत होता आणि त्यांची तक्रार रास्त होती. शिवाय सासूबाईंना जमिनीवर बसून भाजी निवडण्याची सवय आहे. गुळगुळीत व्हिट्रिफाइड लादीवर नुसती चटई घातली की ती सरकते आणि उठताना आधार मिळत नाही. जाड, जड आणि जागचे न हलणारे काहीतरी हवे होते, आणि दुकानदाराने लोकरीचा टफ्टेड गालिचा पुढे केला.

पहिल्या पावसाळ्यापर्यंतचे माझे मत लिहून ठेवले असते तर ते निव्वळ कौतुकाचे झाले असते, आणि त्यातले लोकरीबद्दलचे कौतुक मी आजही मागे घेत नाही. पाहुण्यांच्या हातून कप कलंडला तेव्हा चहा लवेच्या, म्हणजे गालिच्यावरच्या उभ्या धाग्यांच्या, टोकांवर थेंबाथेंबाने तसाच उभा राहिला; जुन्या सुती पंचाने वरून दाबून टिपला आणि मागे कसलीही खूण उरली नाही. लोकरीच्या तंतूवर खवल्यांचे आवरण असते, ते पातळ पदार्थाला काही क्षण बाहेरच थोपवून धरते, पण हवेतली वाफ मात्र आत जाऊ देते. तंतू आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ सामावून घेतो, तरीही हाताला ओला लागत नाही. सोफ्याच्या पायांनी पडलेले खळगेही लोकरीतून निघतात: खळग्यावर ओला रुमाल ठेवून त्यावर इस्त्री नुसती टेकवायची, वाफ आत शिरू द्यायची आणि बोटांनी लव उभी करायची. काकूंची तक्रार तर पहिल्याच आठवड्यात बंद झाली.

सुरुवातीला लव भरपूर गळत होती, केरसुणीला रोज लोकरीचा गोळा लागत होता. दुकानदाराने सांगितले की हे काही महिन्यांत कमी होईल, आणि ते कमी झाले. कातलेल्या आखूड तंतूंपैकी जे धाग्यात नीट अडकलेले नसतात ते सुटून येतात, याला दोष म्हणता येत नाही. या मुद्द्यावर भांडणाऱ्या ग्राहकांची बाजू मी घेणार नाही.

जूनच्या अखेरीस वास सुरू झाला. दार उघडून आत पाऊल टाकले की सायकलच्या जुन्या ट्यूबचा येतो तसला, किंचित आंबूस, घशाला लागणारा वास दिवाणखान्यात भरलेला असे. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेतील आर्द्रता बहुतेक वेळ ऐंशी टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे घरातल्या अनेक वस्तूंना कुबट वास येतो आणि तो कुणी मनावर घेत नाही. हा वास कुबट नव्हता, रबरी होता. दुकानात फोन केला तेव्हा ‘मॅडम, नॅचरल वूल आहे, पावसाळ्यात लोकरीला वास येतोच, ऊन दाखवा’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर मी पुढे इतक्या वेळा ऐकले की ते त्यांच्याकडे छापून ठेवले असावे अशी माझी खात्री झाली आहे.

ओल्या लोकरीचा वास कसा असतो हे ज्यांच्या घरी घोंगडी असते त्यांना सांगावे लागत नाही. सासूबाईंच्या माहेरून, कोल्हापूरकडून आलेली एक काळी घोंगडी आमच्या माळ्यावर आहे. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची, हातमागावर विणलेली आणि चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली. ती पावसात भिजली की मेंढीचा वास येतो आणि वाळली की जातो. सासूबाईंनी गालिच्याजवळ वाकून एकदाच वास घेतला आणि ‘हा मेंढीचा नाही, चपलेचा वास आहे’ असा निकाल दिला. मी तरीही खात्री करून घेतली. गालिच्याच्या कडेची सुटी लव चिमट्यात धरून काडेपेटीची काडी लावली: केस जळल्याचा वास आला, ज्वाला स्वतःहून विझली आणि उरलेली काळी राख बोटाने चुरडली गेली. कृत्रिम धागा असता तर वितळून कडक मणी झाला असता, व्हिस्कोस असते तर कागदासारखे भुरकन जळून गेले असते. लोकर अस्सल होती. दुकानदाराने लोकरीबाबत फसवले नव्हते, आणि नेमके याच कारणाने त्याच्याशी भांडणे अवघड झाले.

गणपतीच्या आधीच्या साफसफाईत गालिच्याचे एक टोक उलटून धरले तेव्हा उलगडा झाला. लादीवर पांढरी, बारीक, रांगोळीसारखी भुकटी पसरलेली होती. पाठीचे कापड एका बाजूने सुटून त्याचा फुगा आला होता, आणि तो फुगा बोटांनी दाबला की आतून कुरकुर आवाज येऊन विणीतून आणखी भुकटी झरत होती. फडक्याने पुसली तर लादीवर चिकट पापुद्रा राहत होता, तो कोमट पाण्याने घासावा लागला.

टफ्टेड गालिचा प्रत्यक्षात विणलेला नसतो, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते. चौकटीवर ताणून बसवलेल्या कापडातून हातातल्या टफ्टिंग गनने लोकरीचा धागा आरपार टोचत नेतात. त्याला गाठ नसते, वेटोळे नसते. मागून कुणी ओढला तर धागा सहज निघून येईल. तो जागेवर राहावा म्हणून मागच्या बाजूला लॅटेक्सचा, म्हणजे रबरी गोंदाचा, जाड थर देतात, आणि तो थर झाकण्यासाठी त्यावर दुसरे सुती कापड चिकटवतात. लॅटेक्स महाग पडते, म्हणून त्यात खडूची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, भरीला घालतात. भर जितकी जास्त तितका गोंद स्वस्त आणि ठिसूळ. हवा, उष्णता आणि ऊन लागून लॅटेक्सचे वय होत जाते, ते कडक होऊन तडकते आणि आतली भर मोकळी होते. माझ्या लादीवरची रांगोळी ती हीच. रबरी वासही तिथलाच: हलक्या प्रतीचे किंवा नीट न सुकवलेले लॅटेक्स दमट हवेत वास सोडते. लोकर वाफ शोषून घेण्यात पटाईत असल्यामुळे वरची लव पावसाळाभर ओल धरून ठेवते आणि खालचा गोंद त्या ओलीत बसून राहतो, असा माझा कयास आहे. म्हणजे लोकरीच्या ज्या गुणासाठी पैसे मोजले, तोच गुण इथे गोंदाच्या मुळावर आला. आणि दुकानदाराने सुचवलेले कडक ऊन तर गोंद आणखी लवकर पिकवते.

ऊन दाखवणेही आमच्याकडे सोपे नाही. असला गालिचा बारा-तेरा किलो भरतो, सोसायटीने गॅलरीच्या कठड्यावर काही वाळत घालू नये अशी नोटीस लावलेली आहे, आणि गच्चीची किल्ली सुरक्षारक्षकाकडून सही करून आणावी लागते. तरीही ते केले. वास दोन दिवस कमी झाला आणि भुकटी दुप्पट झाली.

त्यानंतर दुकानाच्याच शिफारशीवरून एका धुलाईवाल्याला बोलावले. 1,600 रुपये घेऊन त्याने शॅम्पू आणि यंत्राने गालिचा धुतला, ‘संध्याकाळपर्यंत वाळेल’ असे सांगून तो गेला, आणि गालिचा पुढचा आठवडाभर पाठीकडून ओलाच राहिला. टफ्टेड गालिचा भिजवून धुणे म्हणजे दोन कापडांच्या आणि रबराच्या थराच्या मध्ये पाणी कोंडणे. वरून पंखा लावून ते बाहेर येत नाही. लोकरीला सौम्य साबण चालतो, रिठ्याचे पाणी तर फार चांगले, पण धुण्याचा सोडा आणि ब्लीच दोन्ही तिला मारक आहेत, हे त्या माणसाला ठाऊक होते. पाठीबद्दल विचारले तेव्हा मात्र ‘पाठ कोण बघतंय’ असे तो हसून म्हणाला.

दुकानाशी झालेल्या पत्रव्यवहाराचा तपशील देत नाही, सारांश पुरे. बिलावर ‘100 टक्के वूल’ लिहिलेले आहे. त्यांचे म्हणणे असे की हे वर्णन लवेचे आहे, पाठीचे नाही. पाठीविषयी बिलात एक अक्षर नाही, त्यामुळे हमी फक्त लवेची. वर्षाची वॉरंटी आहे, पण ती ‘उत्पादनातील दोषा’ची, आणि भुकटी पडणे हा दोष नसून ‘नैसर्गिक गुणधर्म’ आहे. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यानंतर त्यांचा सूर मवाळ झाला आणि 3,000 रुपयांची क्रेडिट नोट देऊ केली, तीसुद्धा त्यांच्याच दुकानात तीन महिन्यांत खर्च करण्याच्या अटीवर. ती मी घेतलेली नाही. तक्रार अजून मिटलेली नाही.

आता पॉलिप्रॉपिलीनविषयी, कारण याच काळात माझे त्याबद्दलचे मत पुरते पालटले. मुलाच्या खोलीसाठी यंत्रावर विणलेला चार बाय सहाचा एक गालिचा 2,800 रुपयांत आणला होता आणि तो ‘प्लास्टिकचा’ म्हणून आम्ही त्याला कधी मान दिला नाही. दोन्ही पावसाळ्यांत त्याला वास आला नाही. या धाग्यात पाणी शिरतच नाही, आणि यंत्रमागावर लव पाठीच्या विणीतच गुंतवलेली असल्याने त्याच्या पाठीला गोंदाचा जाड थर लागत नाही. पाठीवर ताग आणि पॉलिएस्टरच्या धाग्यांच्या रेषा स्पष्ट दिसतात. मुलाने त्यावर वरण-भाताची ताटली पालथी घातली, तीही हळदीसकट. पॉलिप्रॉपिलीनचा रंग धागा बनतानाच वितळलेल्या लगद्यात मिसळलेला असतो, बाहेरून आलेला रंग त्याला सहसा धरत नाही. साबणाच्या पाण्याने पिवळेपणा बहुतांशी गेला आणि राहिलेली छटा खिडकीतल्या उन्हाने खाल्ली. हेच लोकरीवर झाले असते तर हळदीने तिला पक्के रंगवून सोडले असते, कारण लोकर रंग आनंदाने धरते. शिवाय हळदीवर साबण लावला की डाग लालसर होतो आणि घाबरून आपण आणखी घासतो, ते वेगळेच.

म्हणून मध्यंतरी मी ओळखीच्यांना ‘आपल्या हवेत पॉलिप्रॉपिलीनच घ्या, लोकरीच्या नादी लागू नका’ असे सांगत सुटले होते. तेवढे टोक आता गाठणार नाही. पाण्याला दाद न देणारा हा धागा तेलाला मात्र लगेच धरतो. पायांचा, डोक्याच्या तेलाचा, तळणीच्या वाफेचा चिकटपणा त्यावर हळूहळू बसतो आणि त्यावर धूळ बसते. पलंगाशेजारी, जिथे पाय रोज उतरतात, तिथे एक राखाडी पट्टा तयार झाला आहे आणि तो धुऊन निघत नाही. लव एकदा दबली की उठत नाही. लोकरीवर केलेला इस्त्रीचा प्रयोग इथे अजिबात करू नये, कारण हा धागा साधारण 165 अंश सेल्सियसला वितळतो आणि सुती कपड्यांसाठी लावलेली इस्त्री त्याहून गरम असते. मूल लहान असेतो चालवायचा आणि मग टाकून द्यायचा, अशा बेताने घेतला तर 2,800 रुपये वसूल होतात. नायलॉनची लव यापेक्षा पुष्कळ चिवट असते, पण घरगुती गालिच्यांत आमच्या भागातल्या दुकानांत तो क्वचितच दिसला, त्यामुळे वापरल्याशिवाय त्याविषयी अधिक लिहीत नाही.

‘बांबू सिल्क’ या नावाने विकले जाणारे चकचकीत प्रकरण नणंदेने भेट दिले होते, ते व्हिस्कोस आहे. पाणी सांडले तिथे लव आडवी होऊन पिवळी पडली. ओला झाला की या धाग्याची ताकद निम्म्यावर येते, म्हणून ते घासताही येत नाही. ज्या खोलीत कुणी पाणी पीत नाही अशा खोलीसाठी ते ठीक असावे. आमच्या घरात अशी खोली नाही.

दिवाणखान्यासाठी आता पुन्हा लोकरच घेतली आहे, पण बिनगोंदाची. हाताने गाठी मारलेला गालिचा पाहिला होता. त्यात प्रत्येक धागा ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, गाठून बसवलेला असतो, त्यामुळे चिकटवण्याची गरजच नसते आणि पाठीवर नक्षी जशीच्या तशी उमटलेली दिसते. भदोही-मिर्झापूरकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालते आणि भदोहीच्या हातगालिच्यांना 2010 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण त्याच आकारासाठी टफ्टेडच्या चौपट भाव ऐकल्यावर आम्ही हात जोडले. ज्या घरात वरण-भाताची ताटली पालथी पडते, तिथे ती श्रीमंती शोभत नाही. त्याऐवजी लोकरीची पंजा दरी घेतली: विणताना बाणा, म्हणजे आडवा धागा, लोखंडी पंजाने ठोकून घट्ट बसवतात, लव नाही, दोन्ही बाजू सारख्या, उलटून वापरता येते. चौरस फुटाला 190 रुपये पडले. भदोहीच्या मालातही बिकानेरकडची राठ लोकर बरीच येते. गळ्याभोवतीच्या मफलरची मऊ लोकर वेगळी, पायाखालची वेगळी; इथे थोडी राठ लोकरच हवी. खूप मऊ लागणारा ‘वूल’ गालिचा कुणी दाखवला तर त्यात काय मिसळले आहे हे एकदा विचारून घ्यावे.

ही दरी घेताना मी दुकानात जे केले ते ऐकून माझ्यासोबत आलेल्या मैत्रिणीला लाज वाटली, पण मला त्याचा उपयोग झाला. वरची बाजू पाहण्याआधी प्रत्येक गालिच्याचे टोक उलटले. पाठीवर चिकटवलेले सपाट कापड दिसले की तो टफ्टेड, मग वर कितीही उंची लोकर असो. तरीही टफ्टेडच घ्यायचा असेल तर टोक घट्ट दुमडून कानाजवळ न्यावे, कुरकुर ऐकू आली किंवा दुमडीत पांढरी रेघ उठली तर गोंद पिकलेला आहे. नाक पाठीला लावून वास घ्यावा, कारण दुकानाच्या एसीत जो वास मंद असतो तो आपल्या घरी पावसाळ्यात मंद राहणार नाही. एका विक्रेत्याने ‘मॅडम, गालिचा असा बघत नाहीत’ असे सुचवून पाहिले. मी त्याला बिलावर ‘लव: लोकर, पाठ: अमुक’ असे लिहून देता का, हे विचारले, तेव्हा तो मालकाला बोलवायला गेला आणि मालक काही आले नाहीत. दरी जिथे घेतली तिथे ‘ताणा सुती, बाणा लोकर, गोंद नाही’ इतके शब्द बिलावर लिहून मिळाले.

दरीचेही दोष आहेत. काकूंच्या घरी खुर्चीचा आवाज पुन्हा थोडा जाऊ लागला आहे, कारण ती टफ्टेडच्या मानाने पातळ आहे. लोकर असल्याने कसर लागण्याची धास्ती कायम. सोफ्याखालचा अंधारा, न हलणारा भाग कसरीला फार आवडतो, म्हणून दर पंधरवड्याला सोफा सरकवून दरी झटकावी लागते, आणि पावसाळ्याआधी कडुनिंबाचा वाळलेला पाला खाली घालण्याचा सासूबाईंचा आग्रह मी मोडत नाही. शिवाय ती लादीवर सरकते. त्यासाठी दुकानदाराने स्वस्तातली जाळीदार पीव्हीसी चटई खाली घालायला दिली होती. महिन्याभरात ती लादीला चिकटू लागली आणि सोलून काढताना जाळीचा ठसा मागे राहिला, म्हणून ती परत केली. सध्या खाली दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचा थर घातला आहे. त्याने आवाजही कमी झाला आणि दरीही बरीच स्थिरावली, मात्र त्याचे वेगळे 1,100 रुपये गेले, ते धरून दरीचा चौरस फुटाचा खरा भाव 190 रुपयांवरून साधारण साडेदोनशे सतरा, म्हणजे 217.50 रुपयांवर जातो.